सर्वानुमते

ग्रामसेवक आले तेव्हा आई धार काढत होती. त्यांच्या काखेत लांबट रजिस्टर, हातात शाईचा पॅड. सही जमली नाही तर अंगठा उमटवून घ्यायची तयारी. "वैनी, उठू नका, सही तेवढी द्या," म्हणाले आणि रजिस्टर उघडून गोठ्याच्या दारातल्या दगडी कट्ट्यावर ठेवलं. आईनं चरवी माझ्याकडे दिली, पदराला हात कोरडे केले आणि कट्ट्यावर बसून वाचायला लागली. ती सातवी शिकलेली. वाचताना ओठ हलायचे, ओळीखालून बोट फिरायचं. ग्रामसेवक उभे, मी चरवी धरून उभी, म्हैस पायानं माती उकरतेय. बऱ्याच वेळानं आईचं बोट एका ओळीवर थांबलं.

"ही सभा कवा झाली?"

"गेल्या म्हैन्यात. तारीख वर हाय की."

"त्या दिवशी खरसुंडीची जत्रा हुती. निम्मं गाव तिकडं. मी बी तिकडंच. मग सभेला कोण हुतं?"

ग्रामसेवक हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी चालत आलेली रीत सांगितली. मासिक सभा दर महिन्याला झालीच पाहिजे, म्हणून ती रजिस्टरात होते. शिपाई सदस्यांच्या घरोघरी फिरून सह्या आणतो. आधीचे सरपंच असंच करायचे. ठरावही मोठा नव्हता, दिवाबत्तीच्या सामानाचं बिल होतं. खाली ठरलेलं वाक्य होतं: 'सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात येत आहे.'

आईनं तो शब्द दोनदा मोठ्यानं वाचला. मग ग्रामसेवकांकडे बघून विचारलं, "ह्यात मी कुटं हाय?"

मी तेव्हा सहावीत होते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्रामपंचायतीचा धडा होता, तो मी पाठ केला होता. पण राज्यघटना सांगली जिल्ह्यातल्या आमच्या आटपाडी तालुक्यातल्या त्या छोट्या गावात नेमकी कुठून आत शिरली, असं मला कुणी आज विचारलं तर मी त्या गोठ्याच्या दाराकडे बोट दाखवेन.

आई सरपंच झाली त्याची गोष्ट थोडक्यात सांगते. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली. सोनं-चांदी गाळायची भट्टी घेऊन कुणी केरळात, कुणी बंगालात, कुणी पार आसामात. माणगंगेच्या काठच्या कोरडवाहू रानात पोट भरत नाही म्हणून तीन-चार पिढ्या हे चाललंय. दादा, म्हणजे माझे वडील, तमिळनाडूत होते, वर्षातून दोनदा यायचे. शेत, म्हशी, आबा म्हणजे माझे आजोबा, आम्ही तिघं भावंडं, हे सगळं आईच्या अंगावर. तहसील कार्यालयात चिठ्ठ्या काढून आरक्षणाची सोडत झाली आणि आमच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी निघालं. गावातल्या पुढाऱ्यांनी बायकांची नावं शोधली. ज्यांचे नवरे गावात होते त्या घरांत दोन गट होते. आमच्या घरात नवराच नव्हता, म्हणून आईचं नाव दोन्ही बाजूंना चाललं. नवरा परगावी असलेली बाई ऐकण्यातली राहील, असा तो हिशेब होता. हे मला पुढं फार वर्षांनी आईनंच सांगितलं, कुणाबद्दल मनात काही न ठेवता.

पंचायतींना घटनेत जागा देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली. त्याआधी राजीव गांधींच्या काळात आणलेलं विधेयक १९८९ मध्ये राज्यसभेत अगदी थोड्या मतांनी पडलं होतं. नरसिंह रावांच्या काळात ते नव्या रूपात पार पडलं. घटनेत नववा भाग आला, कलम २४३ आणि त्याची पोटकलमं आली, अकरावं परिशिष्ट आलं आणि त्यात २९ विषय. पिण्याचं पाणी, रस्ते, प्राथमिक शिक्षण, दिवाबत्ती, गुरं, मासे, अगदी स्मशानापर्यंत गावाला लागतं ते बहुतेक सगळं कुठं ना कुठं त्या व्यवस्थेत येतं. महाराष्ट्राला पंचायतराज नवं नव्हतं. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा, आणि जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासूनच्या. देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते. म्हणून आमच्याकडची कितीतरी माणसं म्हणतात, आपल्याकडं सगळं आधीपासूनच होतं, दिल्लीनं नवं काय दिलं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला औंधला जावं लागलं.

औंध आता सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. डोंगरावर यमाईचं देऊळ, वाटेत श्रीभवानी वस्तुसंग्रहालय. आमची आटपाडी एकेकाळी याच औंध संस्थानात होती, कुंडलही होतं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी इथले राजे. सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेला, स्वतः चित्रं काढणारा माणूस. पण आमच्या आबांच्या तोंडी त्यांचं नाव यायचं ते वेगळ्याच कारणानं. "पंतानं राज्य वाटलं," असं आबा म्हणायचे. शेत वाटून द्यावं तसं राज्य वाटलं, असा त्यांचा सूर असायचा.

झालं होतंही तसंच. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडहून आलेले इंजिनियर सेवाग्रामला गेले, गांधीजींशी बसून मसुदा तयार झाला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधच्या राजानं आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना लागू केली. ७२ गावं, सुमारे ७५ हजार माणसं. गावानं पाच पंच निवडायचे, पंचायतींतून तालुक्याची समिती, तालुक्यांतून विधिमंडळ. बारीकसारीक भांडणं गावातच पंचायतीपुढं मिटवायची. देशात इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट! आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची, भिंती नसलेल्या तुरुंगाची वसाहत त्याच काळात सुरू झाली. कैदी तिथं आपल्या बायकापोरांसह शेती करून राहायचे. आबा तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. पंच निवडायला गाव पारावर जमलं तो दिवस त्यांना शेवटपर्यंत आठवत होता.

मी यमाईच्या पायऱ्या उतरताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ते स्वराज्य खरं होतं, राजाचं मन निर्मळ होतं, आणि तरी ते नऊ वर्षांत संपलं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि गावांची ती घटना दप्तरात गेली. कुणी वाईट वागलं म्हणून ती गेली नाही. देणारा राजाच उरला नाही, म्हणून त्यानं दिलेलं उरलं नाही. आबांच्या 'वाटलं' या शब्दात कृतज्ञता होती, तशी एक लाचारीही होती असं मला आता वाटतं. ज्यानं वाटलं त्याच्या मनात होतं म्हणून मिळालं.

पुढं महाराष्ट्रात पंचायती आल्या त्याही कायद्यानं आल्या, आणि राज्याचा कायदा राज्य सरकारच्या हातात असतो. ऐंशीच्या दशकात जिल्हा परिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. निवडणूक कधी घ्यायची हे मुंबईत ठरायचं. सांगलीचेच प्राचार्य पी. बी. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली याच काळात राज्य सरकारनं पंचायतराजाची समिती नेमली होती, तिचा अहवाल १९८६ मध्ये आला. सांगलीतल्या शांतिनिकेतनात मुलं घडवणाऱ्या त्या माणसानं गावाच्या हाती अधिकार द्या म्हणून मनापासून मांडणी केली. अहवाल झाला, चर्चा झाली. पण तारीख मात्र सरकारच्याच हातात राहिली.

त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनं ही तारीख सरकारच्या हातातून काढून घेतली. कलम २४३ ई म्हणतं, मुदत पाच वर्षं, त्यापेक्षा जास्त नाही. आणि मुदत संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. मुदतीआधी बरखास्ती झाली तर सहा महिन्यांत. निवडणूक घेणारा स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, कलम २४३ के. महाराष्ट्रात तो १९९४ मध्ये स्थापन झाला. आणि कलम २४३ डी, ज्यातून आई आली: किमान एकतृतीयांश जागा आणि पदं स्त्रियांसाठी, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात. महाराष्ट्रानं २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. हे सगळं वाचायला रुक्ष आहे, मला ठाऊक आहे. पण आमच्या घरात ते रुक्ष नव्हतं. आईच्या खुर्चीखाली पंताचं मन नव्हतं, तहसीलदाराची मेहेरबानी नव्हती, कुठल्या पुढाऱ्याचा शब्दही नव्हता. होता तो आकडा आणि मुदत. त्याच्या जोरावर सातवी शिकलेली बाई ग्रामसेवकाला विचारू शकली, ह्यात मी कुठं आहे.

त्या रजिस्टरावर तिनं सही केली नाही. बिल महिनाभर अडलं. पुढच्या महिन्यात सभा खरोखरची झाली, शाळेच्या वर्गात, आणि ते बिल तिथं मंजूरही झालं. तेवढाच फरक पडला.

खुर्चीचंही सांगायला हवं. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नाही. आजही कितीतरी घरांत बसत नाही. आबांना गावच्या सभांची भारी आवड, पारावरची पहिल्या ओळीतली जागा त्यांची ठरलेली. आई सरपंच झाल्यावर पहिली ग्रामसभा २६ जानेवारीची. झेंडावंदन झालं, सतरंजी अंथरली, टेबलामागं खुर्ची मांडली. आबा पटका बांधून घरातून निघाले आणि शाळेकडं न वळता सरळ मळ्याची वाट धरून गेले. संध्याकाळी म्हणाले, मोटेचं चाक बघायचं होतं. मोट बंद पडून तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती. पुढच्या ग्रामसभेलाही ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. घरात यावर कुणी काही बोललं नाही. आई त्यांना न्याहारी वाढताना सभेत काय झालं ते सांगायची, ते मान खाली घालून ऐकायचे, आणि एखादा प्रश्न असा नेमका विचारायचे की सभेत बसलेल्याही कुणाला सुचला नसता.

आबांच्या जमिनीचीही एक घटनादुरुस्ती होती, ती इथंच सांगते. आमची साडेतीन एकरं पूर्वी कुळाची. सातबाऱ्यावर मालक दुसरा, राबणारे आम्ही. १९४८ चा मुंबईचा कूळकायदा, १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती, तिनं आणलेली ३१ अ आणि ३१ ब ही कलमं, आणि ते नववं परिशिष्ट, मूलभूत हक्कांच्या मुद्द्यावर कोर्टात रद्द होऊ नयेत म्हणून कायदे ठेवायची जागा, ज्यात दुसऱ्याच क्रमांकावर हा मुंबईचा कायदा आहे. मग १ एप्रिल १९५७, कृषक दिन, कसणारा तो मालक. जमीनदार सुप्रीम कोर्टात गेले, १९५८ मध्ये हरले. नवव्या परिशिष्टाचा पुढं भलत्यासलत्या कायद्यांना झाकायला वापर झाला ही टीका मी वाचली आहे आणि ती मला पटते. पण आमच्या सातबाऱ्यावर आबांचं नाव चढलं ते या सगळ्यामुळं. आबांना त्यातलं एकही कलम माहीत नव्हतं. तलाठ्यानं उतारा हातात दिला तो दिवस माहीत होता.

आईच्या कारकिर्दीतला मोठा तंटा पाण्याचा. उन्हाळ्यात टँकर यायचा आणि तो वाड्यापाशीच्या जुन्या आडात सोडला जायचा. तिथून ज्याला ओढता येईल त्यानं ओढायचं. दलित वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. तिथल्या बायका आडापर्यंत यायच्या, पण त्यांचा नंबर शेवटी. कळशीत यायचा तो गाळ. आईनं ठरवलं, टँकर दोन ठिकाणी रिकामा होईल, निम्मा आडात आणि निम्मा समाजमंदिरापाशी सिंटेक्सच्या टाकीत. सदस्यांच्या सभेत ते होईना, म्हणून तिनं विषय ग्रामसभेपुढं ठेवला.

ग्रामसभेला कोरम लागतो. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, जे कमी असेल ते. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची गरज राहत नाही. हा नियम ऐकायला सोपा वाटतो. पण त्या दिवशी विरोधातली माणसं पारावर न येता समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. त्यांचं गणित पक्कं होतं. वस्तीतल्या बायका त्या दिवशीची मजुरी मोडून आल्या होत्या. सभा तहकूब झाली, आठवड्यानं परत बोलावली, तर त्या पुन्हा खाडा करून येणार नव्हत्या. मग पुढच्या सभेत दहा-वीस माणसांत हवं ते 'सर्वानुमते' मंजूर झालं असतं.

शिपायानं हजेरीच्या सह्या मोजल्या. परत मोजल्या. एक माणूस कमी.

आईनं माझ्याकडे पाहिलं, बोलली काही नाही. मी पळत घरी गेले. आबा ओट्यावर दावं वळत बसले होते. "आबा, एक माणूस कमी पडतंय," एवढंच मी म्हटलं. त्यांनी हातातला पीळ सुटू नये म्हणून दाव्याचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं, क्षणभर तसेच बसले, मग ते सोडून उठले. खुंटीवरचा पटका घेतला आणि चालता चालता गुंडाळला. हजेरी वहीवर त्यांनी मोडी वळणाची सही केली. त्यानंतर ते त्यांच्या नेहमीच्या जागी बसायला गेले नाहीत. पाराच्या कडेला लिंबाचं मोठं झाड आहे. त्याच्या बुंध्याच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभे राहिले, आईला दिसणार नाहीत असे. सभा संपेपर्यंत तासभर ते तिथं उभे होते. आई खुर्चीवर बसून होती.

ठराव झाला. विरोधातली चार-पाच माणसं उठून आली आणि बोलली. आईनं त्यांचं म्हणणं लिहून घ्यायला लावलं. त्या ठरावाखाली 'सर्वानुमते' नाही, 'बहुमताने' असं आहे. मी ते रजिस्टर पुढं एकदा पाहिलंय.

वर्षाच्या आत तिच्यावर अविश्वास ठराव आला. तहसीलदार आले, बंद दाराआड सभा झाली. वस्तीतून राखीव जागेवर निवडून आलेली एक मावशी सदस्य होती. तिला आदल्या रात्री सुगीच्या कामावरून काढायची धमकी मिळाली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिनं हात वर केला नाही. लागतील तेवढे हात झाले नाहीत आणि आईनं आपली पाच वर्षं पुरी केली. दोन बायका, एकाच कलमानं त्या खोलीत आणून बसवलेल्या. पुढच्या वेळी आरक्षण फिरलं, आई पुन्हा उभी राहिली नाही. म्हशी वाढवल्या, आम्हाला शिकवलं. लोक आता म्हणतात, टाकीपाशी पाणी वैनीनं आणलं. आई म्हणते, मी कशाची, शंभर माणसांनी आणलं.

मी हे सगळं आज का लिहितेय, तर गेल्या काही वर्षांत मला निवडणुकीच्या त्या तारखेची फार काळजी वाटायला लागली आहे.

मार्च २०२२ मध्ये सांगली आणि सातारा जिल्हा परिषदांची मुदत संपली. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. पंचायत समित्यांचं तेच. सर्वसाधारण सभेचे अधिकार त्यांच्याकडं, स्थायी समितीचे त्यांच्याकडं, अंमलबजावणी तर आधीपासून त्यांचीच. अधिकारी मेहनती असतील, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण स्वतःच ठराव मांडायचा, स्वतःच मंजूर करायचा आणि स्वतःच राबवायचा, यात विचारणारं कुणी उरत नाही. कारण सगळ्यांना माहीत आहे. ४ मार्च २०२१ रोजी सुप्रीम कोर्टानं ओबीसी आरक्षणासाठी तीन कसोट्या सांगितल्या: वेगळा आयोग, मागासलेपणाची खरी आकडेवारी, आणि एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत. आकडेवारी सरकारकडं तयार नव्हती. मग अध्यादेश, आयोग, प्रभागरचना, पुन्हा प्रभागरचना, आणि याचिकांवर याचिका. ओबीसींच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न खरा आहे, आमच्या गावातल्या धनगर-माळी घरांसाठी तो जिवाभावाचा आहे. म्हणून तर मला जास्त वाईट वाटतं. ज्यांच्या हक्काचं कारण सांगून निवडणूक थांबली, त्यांच्यातलाही कुणी त्या वर्षांत सभागृहात नव्हता.

६ मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं. त्या मुदतीतही झाल्या नाहीत, आणि मग ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वेळ वाढवून दिली गेली. घटनेत 'मुदत संपण्यापूर्वी' असे शब्द आहेत. ते शब्द कुणी खोडले नाहीत, बदलले नाहीत, त्यावर संसदेत मतदान झालं नाही. ते होते तिथंच राहिले आणि वर्षं निघून गेली. औंधच्या घटनेला निदान विलीनीकरणाचा दिवस होता.

या काळात आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेची एक खोली गळायला लागली. पूर्वी असं काही झालं की आई आठवडी बाजारात आमच्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्याला गाठायची. ते कधी काम करायचे, कधी नुसतं 'बघतो' म्हणायचे, पण पाच वर्षांनी मतं मागायला यायचेच, म्हणून तोंड चुकवता येत नव्हतं. आता आई एसटीनं तालुक्याला गेली. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवलं. एका टेबलावर तिला सांगितलं, प्रस्ताव वर गेलाय. "वर म्हंजे कुणाकडं?" तिनं विचारलं. समोरच्या तरुण मुलानं खरंखुरं उत्तर दिलं: सध्या सदस्य नाहीत, मावशी. वित्त आयोगाची अट आहे की निवडून आलेली संस्था असेल तरच तिच्या वाट्याचं अनुदान मिळेल. तिजोरीतला तो खड्डाही याच सगळ्याचा भाग. पत्र्याला तात्पुरता डांबरी कागद लावला, तो शिक्षकांनी वर्गणी काढून. पोरं दोन पावसाळे दुसरी आणि तिसरी एकाच खोलीत बसली.

मी आता सांगलीत राहते. शहराला चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती लागू. ती १ जून १९९३ ची, तिचं बारावं परिशिष्ट, १८ विषय. तीन लाखांवरच्या शहरात प्रभाग समित्या हव्यात असं घटनाच सांगते, आणि सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २०११ लाच पाच लाखांच्या वर होती. पण कृष्णेचं पाणी चढायला लागलं की आमच्या गल्लीनं कुणापुढं उभं राहून बोलायचं, हे मला वीस वर्षांत समजलेलं नाही. व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे, त्यात आयर्विन पुलापाशी किती फूट झालं ते येतं. सभा नाही. गावातल्या बाईला जी सतरंजी, जी हजेरी वही आणि जो कोरम मिळाला, तो शहरात शिकल्या-सवरलेल्या माझ्या वाट्याला आला नाही. हे मी मोठ्या गांभीर्यानं लिहितेय. आपल्याकडं शहरातली माणसं गावाच्या राजकारणाला नाकं मुरडतात, तेव्हा मला लिंबाच्या बुंध्यामागं उभे असलेले आबा आठवतात.

परवाच्या ग्रामसभेला मी गावी होते. माझं नाव सांगलीच्या यादीत, म्हणून मी कोरमात धरली जात नाही. मागं भिंतीला टेकून बसले. आई सत्तरीची आहे. गुडघ्यामुळं खाली बसवत नाही, तिला प्लास्टिकची खुर्ची दिली होती. विषय संपत आले. नवीन ग्रामसेवक लॅपटॉपवर टाइप करत होते, चांगला मुलगा आहे, भराभर वाचून दाखवत होता. गायरानातल्या एका जागेचा विषय होता. तिथं दोन-तीन मेंढपाळ घरांच्या मेंढ्यांचे वाडे बसतात. ती जागा दुसऱ्या कामाला द्यायची असा ठराव. हात वर झाले. त्यानं वाचलं, "सदर ठराव सर्वानुमते मंजूर—"

"थांब बाळा," आई म्हणाली.

सगळे वळले. तिनं खुर्चीच्या हाताला धरून उठायला जरा वेळ घेतला.

"माझा हात वर न्हवता. सर्वानुमते लिवू नगंस. इरोध एक, आन् म्होरं माझं नाव घाल. पुरं नाव."

ग्रामसेवकानं कर्सर मागं नेला, शब्द पुसला, आणि नाव कसं लिहायचं म्हणून तिच्याकडं पाहिलं. आईनं ते सावकाश, एकेक अक्षर सोडून सांगितलं.